अटॅकला पाच लाख, पंपाला शून्य

दम्याचा अटॅक येऊन माणूस ॲडमिट झाला, तर महाराष्ट्रात त्याच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं सरकारी संरक्षण आहे. तोच माणूस अटॅक येऊ नये म्हणून महिन्याचा पंप घ्यायला मेडिकलमध्ये गेला, तर त्या ५ लाखांतला एक रुपयाही त्याच्या कामी येत नाही. दम्याच्या औषधांसाठी आपल्याकडे मदत नाही असं नाही, बरीच आहे. पण ती बहुतेक खाटेला बांधलेली आहे आणि दमा तर घरी, रोज सकाळ-संध्याकाळ आवरायचा आजार. म्हणून कुठल्याही योजनेचे फायदे-तोटे बघताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही योजना पंपाचे पैसे देते की अटॅकचे?

आधी पंपांबद्दल थोडं, कारण फुकट मिळतंय ते नेमकं काय आहे हे ओळखता आलं पाहिजे. निळा पंप साल्ब्युटामॉलचा. आवळलेल्या श्वासनळ्या तो काही मिनिटांत सैल करतो, आतली सूज मात्र तशीच राहते. दुसरा पंप स्टेरॉइडचा: नुसतं बुडेसोनाइड, किंवा बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल, किंवा फ्लुटिकासोन-सॅल्मेटेरॉल. हा सूज उतरवतो, पण घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही. पैशाची ओढाताण झाली की घरात पहिला बंद पडतो तो हाच, कारण निळा स्वस्त असतो आणि त्याचा गुण लगेच दिसतो. २०१९पासून ‘जिना’ ही जागतिक मार्गदर्शिका स्पष्ट सांगते, की दम्याचा उपचार नुसत्या साल्ब्युटामॉलवर चालवू नये. वर्षाला २०० डोसचे ३ किंवा जास्त निळे पंप संपत असतील तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक, म्हणजे वर्षाला १२ संपत असतील तर प्रश्न जिवाचा होतो. एखाद्या ठिकाणी निळा पंप फुकट आणि स्टेरॉइडचा ‘बाहेरून आणा’ असं असेल, तर ती मदत अर्धीच आहे आणि अर्धी चुकीच्या बाजूची.

गोळ्यांचंही तेच. साल्ब्युटामॉलची २ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे २००० मायक्रोग्रॅम औषध. पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतं. वीसपट औषध पोटातून सगळ्या अंगभर फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते आणि फुप्फुसाला गुण पफपेक्षा उशिरा येतो. तरीही ही गोळी टिकून आहे ती स्वस्त म्हणून. इतकी स्वस्त, की कंपन्यांना परवडेना आणि ऑक्टोबर २०२४मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाला तिची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवून द्यावी लागली. २ आणि ४ मिलिग्रॅमच्या गोळ्या आणि नेब्युलायझरमध्ये घालायचं द्रावण, तिन्हींची.

आधी आपला हिशेब

मदत शोधायला निघण्याआधी आपला खर्च डोसावर काढावा, पाकिटावर नाही. पंपावर १२० डोस लिहिलेत आणि डॉक्टरांनी सकाळी २, रात्री २ पफ सांगितलेत, तर दिवसाला ४ पफ, म्हणजे पंप बरोबर ३० दिवसांचा. समजा त्याची किंमत ४२० रुपये आहे. डोसाला साडेतीन रुपये, दिवसाला १४, वर्षाला सुमारे ५,१००. त्याच औषधाच्या, भुकटी तोंडाने ओढायच्या ३० कॅप्सूलची बाटली २०० रुपयांना असेल आणि दिवसाला २ कॅप्सूल लागत असतील, तर ती १५ दिवसांतच संपते. महिन्याचे ४०० झाले. बाटलीवर २०० बघून ‘कॅप्सूल निम्म्यात पडते’ असं वाटतं ते इथे फसतं. किमती उदाहरणादाखल घेतल्यात, पण भागाकार आपापल्या पाकिटावर करून बघण्यासारखा आहे.

या हिशेबात एक खरी बचत दडलेली आहे. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलमधलं फॉर्मोटेरॉल लवकर काम करतं, त्यामुळे डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर तोच पंप रोजसाठीही चालतो आणि दम लागल्यावरही. मोठ्या माणसांत २००/६ (बुडेसोनाइड २००, फॉर्मोटेरॉल ६ मायक्रोग्रॅम) या ताकदीचे दिवसाला सगळे मिळून १२ पफ ही मर्यादा. सॅल्मेटेरॉलवाला पंप असा वापरता येत नाही, ते औषध चढायला वेळ घेतं. दोन पंपांऐवजी एक ही सोय कुठल्याही योजनेशिवाय मिळते. फक्त डॉक्टरांना विचारावं लागतं, आणि खर्चाचा विषय काढायला आपल्याला संकोच वाटतो. तो वाटू देऊ नये. ‘हे महिन्याला परवडत नाही, याच गुणाचं दुसरं काही आहे का’ हे वाक्य केबिनमध्ये बोलायचंच असतं, नाही तर माणूस घरी येऊन ४ पफांचे २ करतो आणि पुढच्या वेळी डॉक्टर औषध लागू पडत नाही असं समजून ताकद वाढवतात.

किमतीवर सरकारी लगाम आहे, पण सगळ्या पंपांवर नाही. २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत साल्ब्युटामॉल, बुडेसोनाइड, बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल, इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम आणि माँटेलुकास्ट आहेत. यादीतल्या ताकदींची डोसामागची कमाल किंमत ठरलेली असते. यादीबाहेरच्या औषधांना कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत किंमत वाढवू शकते. म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने दोन पंप सारखेच असतील, तर यादीतला घेणं पुढच्या पाच वर्षांच्या दृष्टीनेही शहाणपणाचं. ‘फार्मा सही दाम’ या ॲपवर औषधाचं नाव टाकलं की कमाल किंमत आणि त्याच औषधाचे इतर ब्रँड दिसतात.

सरकारी दवाखाना

१५ ऑगस्ट २०२३पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय, सगळीकडे केसपेपरपासून औषधापर्यंत. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही. रोजच्या पंपाचे पैसे वाचवणारी, कागदपत्रांची कटकट नसलेली ही खरी योजना, आणि तिचीच चर्चा सगळ्यात कमी होते. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं, म्हणजे मेडिकल कॉलेजं, या निर्णयात नाहीत, आणि महापालिकांच्या रुग्णालयांचे नियम आपापले. ‘सरकारीत सगळं फुकट’ असं ऐकून कॉलेजच्या ओपीडीत गेलेला माणूस पावती बघून चकित होतो ते यामुळे.

तोटा साठ्याचा. खरेदी वरच्या पातळीवर होते, निविदा लांबली की खाली खिडकीवर पंप नसतो आणि हातात बाहेरची चिठ्ठी येते. यावर थोडेफार उपाय आहेत. पहिला: पंप संपायच्या दिवशी न जाता ८-१० दिवस आधी जायचं, म्हणजे आज नाही मिळाला तरी पुढच्या खेपेपर्यंत हातात डोस असतात. दुसरा: खिडकीवर ‘पंप आहे का’ असं न विचारता औषधाचं नाव आणि ताकद सांगून विचारायचं. ‘पंप’ म्हटलं की निळा पुढे येतो आणि आपण तो घेऊन घरी जातो. तिसरा: जवळच्या केंद्रात नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात आहे का हे तिथल्याच फार्मसिस्टला विचारायचं. त्याला बहुतेकदा ठाऊक असतं, पण आपणहून तो सांगेलच असं नाही.

आणखी एक अडचण फारशी कोणी सांगत नाही. सरकारी पुरवठ्यात या महिन्यात पंप आणि पुढच्या महिन्यात कॅप्सूल असं होऊ शकतं. औषध तेच असलं तरी ओढायची पद्धत उलटी आहे. पंप हळू आणि खोल ओढायचा, कॅप्सूल रोटाहेलर या भुकटी ओढायच्या साधनातून जोरात. पंपाची सवय असलेला माणूस कॅप्सूल हळू ओढतो, भुकटी घशातच बसते आणि ‘सरकारी औषधात दम नाही’ असा शेरा मिळतो. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, देणाऱ्याने दाखवलेलं नसतं. साधन बदललं की तिथेच, खिडकीसमोर, एकदा करून दाखवायला सांगावं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात या कॅप्सूल बाटलीतून काढून डबीत भरून ठेवू नयेत. भुकटी ओल धरते, गोळा होते आणि ओढली जात नाही.

जनऔषधी

जनऔषधी केंद्राचा मोठा गुण असा, की तिथे पात्रता नसते. लखपतीलाही त्याच भावात मिळतं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायची, औषध घ्यायचं, इतकंच. मूळ नावाने औषध विकत असल्यामुळे ब्रँडच्या तुलनेत बिल निम्म्याने किंवा त्याहूनही खाली येतं. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर औषधाची किंमत आणि जवळचं केंद्र दिसतं.

गडबड होते ती चिठ्ठीमुळे. त्यावर ब्रँडचं नाव आणि पुढे एकच आकडा असतो: ‘अमुक २५०, २ पफ दोनदा’. आकडा बहुतेकदा स्टेरॉइडच्या मात्रेचा असतो, पण पंप की कॅप्सूल हे त्यातून कळत नाही. फ्लुटिकासोन-सॅल्मेटेरॉलच्या पंपात एका पफला सॅल्मेटेरॉल २५ मायक्रोग्रॅम असतं, तर कॅप्सूलमध्ये ५०. पंपाऐवजी कॅप्सूल घेतली आणि ‘२ वेळा २’ तसंच चालू ठेवलं, तर सॅल्मेटेरॉल दुप्पट जातं. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: औषधाचं मूळ नाव, दोन्ही घटकांची मात्रा, साधन कोणतं, आणि दिवसाला किती वेळा किती. चारही जुळत असतील तरच बदल करावा. दुसरी उणीव अशी, की प्रत्येक केंद्रात प्रत्येक पंप नसतो. गोळ्यांचा खप मोठा, त्या नेहमी असतात, पंप मागवावा लागतो. आधी फोन करून मगच रिक्षाचे पैसे घालवावेत.

माँटेलुकास्ट ही दम्याची गोळी तिथे फार स्वस्त मिळते आणि त्यामुळे एक चुकीचा मोह होतो: पंप बंद, गोळी चालू. ती गोळी स्टेरॉइडच्या पंपाची जागा घेत नाही. शिवाय झोप उडणं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार अशा परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२०मध्ये तिला सगळ्यात कडक इशारा जोडला आहे. मुलांना देत असाल तर वागण्यातल्या बदलावर लक्ष हवं.

महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्ड

२०१२मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली ही योजना आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली, आणि १ जुलै २०२४पासून पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला लागू झाली. ७० वर्षांवरच्यांना ऑक्टोबर २०२४पासून उत्पन्न न बघता आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. गोव्यात २०१६पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख.

या सगळ्यांचा फायदा एकाच क्षणी होतो: ॲडमिट झाल्यावर. धाप इतकी वाढली की आयसीयू लागला, तर खाजगी रुग्णालयातलं लाखाचं बिल टळू शकतं, आणि ते काही लहान नाही. ओपीडी, तपासणी, रोजचा पंप यांत नाही. कार्ड हातात असून मेडिकलमध्ये त्याचा उपयोग का होत नाही, असं विचारणारे लोक रोज दिसतात. कार्ड काढून देणाऱ्या शिबिरांत हे सांगतच नाहीत.

अटॅकच्या रात्री जे चुकतं ते असं. जवळचं रुग्णालय योजनेत असतं, पण ज्या आजारांसाठी त्याची नोंदणी आहे त्यांत श्वसनविकार नसतो. मग ॲडमिट करून घेतात ते पैसे भरणारा पेशंट म्हणून, आणि सकाळी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा रुग्णालयातला मदतनीस, आल्यावर कळतं. दम्याचा जुना पेशंट घरात असेल तर हे आधीच, बरं असताना, बघून ठेवावं. योजनेची हेल्पलाइन १५५३८८, केंद्राची १४५५५. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का, सुनेचं आणि नातवाचं नाव चढवलंय का, हेही तेव्हाच. रात्री इमर्जन्सी असेल तर फोनवरून मंजुरीची सोय आहे. ‘योजनेतून करा’ हे ॲडमिशनच्या वेळी काउंटरवर स्पष्ट सांगायचं, डिस्चार्जच्या वेळी सांगून उपयोग नसतो. योजनेतल्या पेशंटकडून डिपॉझिट मागितलं, तर त्याच नंबरवर तक्रार करता येते.

डिस्चार्जच्या दिवशी एक गोष्ट आठवणीने मागावी. केंद्राच्या नियमांत डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं पॅकेजमध्येच धरलेली आहेत. घरी जाताना पिशवीत बहुतेकदा स्टेरॉइडच्या गोळ्या, अँटिबायोटिक आणि ॲसिडिटीची गोळी पडते. स्टेरॉइडचा पंप त्यात आहे का ते बघावं आणि नसेल तर मागावा. अटॅकनंतरचे काही आठवडे पुन्हा अटॅक येण्याच्या धोक्याचे असतात, आणि गोळ्या ५-७ दिवसांत संपतात.

धर्मादाय रुग्णालयांची सवलतही खाटेचीच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकावी लागते. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो अटॅकच्या रात्री निघत नाही. एप्रिल-मे महिन्यात, आर्थिक वर्ष पालटल्यावर, काढून फाइलमध्ये ठेवावा. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक किंवा वैद्यकीय समाजसेवक या नावाचा माणूस असतो, त्यालाच भेटायचं. बिलिंगच्या खिडकीवर ही चौकशी केली तर ‘खाटा भरल्यात’ हे उत्तर लवकर मिळतं.

कामगार विमा, आणि मेडिक्लेम

पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत असेल आणि पगारातून पाऊण टक्का ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, कापला जात असेल, तर रोजच्या पंपाच्या बाबतीत त्या माणसाचं नशीब आयटीवाल्यापेक्षा चांगलं आहे. ईएसआयच्या दवाखान्यात ओपीडीची औषधं मिळतात, त्याच्या आणि अवलंबून असलेल्या घरच्यांच्याही. आजारपणात सुट्टी पडली तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. निवृत्तीनंतर, किमान ५ वर्षं विमा भरलेला असेल तर, वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायकोला उपचार चालू ठेवता येतात. १२० रुपये, वर्षाला! हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक गिरणी-कारखान्यातली माणसं निवृत्तीनंतर पंप विकत घेत बसतात. तोटे ठाऊकच आहेत: दवाखाना लांब, वेळ कामाच्या पाळीत, औषधाचा साठा कमी-जास्त, आणि पगार वाढून मर्यादा ओलांडली की चालू योगदानकाळ आणि त्याला जोडलेला लाभकाळ संपल्यावर सगळं थांबतं. पगारवाढीच्या पत्रावर सही करताना हा खर्च धरायला हवा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत जुन्या आजाराची औषधं एका वेळी तीन महिन्यांपर्यंतची मिळतात, तिथे फार लिहिण्यासारखं नाही.

मेडिक्लेममध्ये दम्याच्या वाट्याला तीन खाचखळगे आहेत. पहिला, लपवणं. ‘लहानपणी होता, आता नाही’ म्हणून फॉर्ममध्ये लिहायचं राहतं आणि पाच वर्षांच्या आत न्यूमोनियासाठी ॲडमिट झाल्यावर जुन्या केसपेपरवर दमा दिसतो. क्लेम जातोच, पॉलिसीही जाऊ शकते. जुन्या आजाराची प्रतीक्षा एप्रिल २०२४पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांची झाली आहे, लपवण्यापेक्षा ती काढलेली बरी. दमा पहिल्या ३० दिवसांनंतर लगेच धरणाऱ्या पॉलिसीही बाजारात आहेत, हप्ता जास्त असतो.

दुसरा, ‘ॲडमिट करण्याची गरज नव्हती’ हा शेरा. दोन नेब्युलायझेशन देऊन २४ तास ठेवलं असेल तर कंपनी म्हणते, हे ओपीडीत झालं असतं. त्यावर उत्तर कागदाचंच असतं: आल्या वेळचं ऑक्सिजन, श्वासाचा वेग, नाडी, वाक्य पुरं बोलता येत होतं की नाही. ऑक्सिजन ९०च्या खाली, श्वास मिनिटाला ३०च्या वर, नाडी १२०च्या वर ही गंभीर अटॅकची लक्षणं. ती कॅज्युअल्टीच्या कागदावर लिहिली गेलीत का हे नातेवाइकाने बघावं. घरीच खाट मांडून उपचार घेतले तर पुष्कळ पॉलिसी घरच्या उपचारांतून ज्या आजारांना नाव घेऊन वगळतात त्यांत दमा आणि ब्राँकायटिस असतात.

तिसरा, बारीकसारीक वस्तू. विमा नियामकाच्या न-देय यादीत नेब्युलायझेशन किट आहे, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) आहे, बाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर आहे. त्यांचे पैसे आपले, तसा वेगळा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडून जादा हप्त्याचं संरक्षण, घेतला नसेल तर.

पण याच मेडिक्लेममध्ये पंपाचे पैसे मिळण्याची एक फट आहे. आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत ॲडमिशनच्या आधीचे ३० आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरलेले असतात. डिस्चार्ज कार्डावर पंप लिहिलेला असेल, तर त्या ६० दिवसांत घेतलेल्या पंपांचं बिल लावता येतं. बिलावर पेशंटचं नाव, तारीख मुदतीतली, सोबत चिठ्ठीची प्रत. क्लेम पाठवायची मुदतही असते, तीत बसवावं. ओपीडीचा रायडर घ्यायचा का, याचं उत्तर वरच्याच भागाकारात आहे: वर्षाचा पंपखर्च ५ हजार आणि रायडर ४ हजारांचा असेल, आणि त्यात औषधांवर वेगळी मर्यादा घातलेली असेल, तर कंपनीने गणित आपल्याआधी केलेलं आहे.

ज्येष्ठांनी विमा घेतलेलाच नसेल, आणि जुनी करप्रणाली असेल, तर प्राप्तिकरात (१९६१च्या कायद्यात कलम ८०डी) औषधपाण्याच्या ५० हजारांपर्यंतच्या खर्चाची वजावट मिळते, मात्र पैसे रोख दिलेले नकोत. मेडिकलमध्ये यूपीआयने द्यावेत आणि पक्कं बिल घ्यावं.

महागडी इंजेक्शनं

थोड्या पेशंटांचा दमा पंपांना जुमानत नाही, त्यांना ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब किंवा बेनरालिझुमॅब सांगतात. मेपोलिझुमॅब दर ४ आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम, बेनरालिझुमॅब ३० मिलिग्रॅम पहिले तीन डोस ४ आठवड्यांनी आणि मग ८ आठवड्यांनी, ओमालिझुमॅबचा डोस वजन आणि रक्तातल्या आयजीई या ॲलर्जीशी निगडित प्रथिनावर. सप्टेंबर २०२५मध्ये मेपोलिझुमॅबवरचा जीएसटी शून्य झाला आणि बाकी बहुतेक औषधांवरचा १२चा ५ टक्के. तरी हा खर्च महिन्याला हजारांत राहतोच आणि तिथे कंपन्यांचे पेशंट-सहाय्य कार्यक्रम येतात: इतके डोस विकत घ्या, इतके मोफत.

मदत खरी असते, नाकारू नये. पण पहिलं इंजेक्शन घेण्याआधी लेखी उत्तरं घ्यावीत. मोफत डोस कितव्या डोसापासून, आणि आधीचे डोस ठरावीक दिवसांत घेतले नाहीत तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून का? कार्यक्रम किती वर्षं चालेल, बंद झाला तर मधल्या पेशंटांचं काय? इंजेक्शन ठरावीक वितरकाकडूनच घ्यायचं का, आणि २ ते ८ अंशांत आणायची जबाबदारी कोणाची? संमतिपत्रात आपली माहिती कोणाकोणाला जाते? गुण आला की नाही हे साधारण ४ महिन्यांनी ठरवतात, तेव्हा निदान तितक्या डोसांचे पैसे हातात नसतील तर सुरुवात करण्यात अर्थ नाही. विमा असेल तर काही तासांच्या या इंजेक्शनला डे-केअर (रात्रभर न राहताही विम्यात बसणारा उपचार) धरणार का, हे ईमेलवर विचारून ठेवावं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना हे सगळं उलटं दिसेल. तिथे मदत पंपालाच मिळते: २०२४मध्ये बोरिंगर आणि ॲस्ट्राझेनेका या औषध कंपन्यांनी, आणि २०२५च्या सुरुवातीपासून जीएसकेनेही, आपल्या पंपांसाठी पेशंटने द्यायची रक्कम महिन्याला ३५ डॉलरवर बांधली. मेडिकेअर-मेडिकेडसारखा सरकारी विमा असेल तर ही सवलत देणारी कंपनीची कूपनं चालत नाहीत, आणि खाजगी विम्यात कूपनची रक्कम डिडक्टिबलमध्ये, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायच्या रकमेत, धरली जाईल का हे प्लॅनवर ठरतं.

बाटली

विमा ज्याचे पैसे देत नाही आणि खिडकीवर जो क्वचितच मिळतो, तो स्पेसर घरी करता येतो. स्पेसरशिवाय पंप मारला तर बरंचसं औषध घशात बसतं, म्हणजे ४२० रुपयांच्या पंपातला मोठा भाग थुंकून टाकतो आपण. मुलांवर झालेल्या अभ्यासात ५०० मिलीच्या साध्या प्लास्टिक बाटलीचा स्पेसर विकतच्याइतकाच उपयोगी ठरला आहे. बाटली पातळ भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात धुवायची आणि न पुसता उलटी ठेवून वाळवायची. पुसली की प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि औषध भिंतींना चिकटतं. जाड तार पंपाच्या तोंडाच्या आकारात वाकवून, तापवून, बाटलीच्या बुडाला टेकवायची. पडलेल्या भोकात पंप लगेच घट्ट बसवायचा, कडेला फट राहिली तर डिंक किंवा चिकटपट्टी. हे काम मोठ्यांनी आणि खिडकी उघडी ठेवून करायचं, आणि बाटली गार झाल्यावर पुन्हा धुवायची. पंप हलवून एकच पफ सोडायचा, बाटलीच्या तोंडाला तोंड लावून हळू, खोल श्वास घ्यायचा आणि १० सेकंद धरायचा. लहान मूल असेल तर ५-६ साधे श्वास. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. शेवटी चूळ भरायची आणि पाणी थुंकायचं. बाटलीला तडा गेला की दुसरी.